तिसरं केशरी

जेकार्डची कार्डं मी बत्तीस वर्षं मारतोय.
मोर मारले, कमळं मारली, ताजमहाल तर किती,
एकदा एका आमदाराचं थोबाड, मिशीसकट.
भोक म्हणजे धागा वर, भोक नाही म्हणजे खाली.
पुढचं सूत बघून घेतं.

सरोजना जळाली त्या वर्षी
मी तिचं कार्ड मारलं.
ऑर्डर नव्हती. कुणी सांगितलंही नव्हतं.
रात्रपाळीच्या चहाच्या सुट्टीत, थोडं थोडं,
दोन हजार तीनशे कार्डं:
ओटा, स्टोव्ह, दार, दाराला बाहेरून कडी
आणि मधोमध ती.

खरं सांगतो,
सुतासाठी मी भवानी पेठेत तीन दुकानं फिरलो.
पहिलं केशरी झेंडूवर गेलं.
दुसरं देवळाच्या पताकेवर.
तिसऱ्याची लड उन्हात धरली
आणि माझ्या तोंडून निघालं, वा!

ते वा अजून गालात आहे,
तंबाखूच्या चोथ्यासारखं.
थुंकायला जागा सापडत नाही.

शाळेच्या हॉलमध्ये टांगली तेव्हा
जमादार सर चष्मा पुसत म्हणाले,
मरणाला कुणी असा काठ लावतं का रे?
एखादं पोरगं बघेल अन् म्हणेल,
काय झकास पेटलीय बाई.
मी म्हणालो, मग विटकं सूत लावू?
म्हणाले, विणूच नको.

न विणल्यावर काय उरतं ते मी पाहिलं होतं.
पोलिसांच्या कागदावर दीड ओळ,
स्वयंपाक करताना पदर पेटून.
तेही कुणीतरी बसून रचलंच होतं की.
त्यात केशरी नव्हतं,
म्हणून ते कुणाला टोचलं नाही.

हे सरांना सांगायचं राहिलं.
आणि बरंच झालं, कारण चार दिवसांनी
इराण्णा शेठ आले, कापडावरून पंजा फिरवला, म्हणाले,
दोनशे नग काढ, हॉटेलवाले उचलतील.
बाई तेवढी काढून टाक.
जाळ ठेव. जाळ चालतो.

त्या रात्री माग बंद होता तरी
कानात खटखट थांबेना.
जाळ चालतो.
म्हणजे सरांचं खरं?
की शेठचं?
की तिसऱ्या दुकानातल्या माझं?

मग एका संध्याकाळी बालमणी आली. तिची आई.
हजार विड्या वळून, कारखान्यात मोजून देऊन,
बोटं अजून पिवळी.
तिला मी बोलावलं नव्हतं. खरं तर चुकवतच होतो.
ती रडली नाही.
आधी कापड चिमटीत धरलं, विणकराच्या घरची बाई,
म्हणाली, वजन चांगलं पडलंय.
मग बराच वेळ उभी.
मग, बिड्डा, कडी डावीकडं होती.
तू उजवीकडं केलीस.

मी काय बोलणार.
बत्तीस वर्षांत एक भोक चुकलं नव्हतं.

तिनं टोक धरून चादर उलटी केली.
आमची चादर दोन्ही अंगांनी पांघरतात,
इकडचं काळं तिकडं केशरी.
मागून भिंती, भांडी, छप्पर, सगळं घर पेटलेलं,
जाळ तेवढा काळा,
आणि त्याच्या आत सरोजना, घराच्याच रंगाची.
कडी डावीकडं.

हे बरोबर आहे, बालमणी म्हणाली.
अशी टांग.
आणि पदराला बोटं पुसत निघून गेली,
सात नंबरची बस सुटेल म्हणून.

तशीच टांगलीय, उलटी.
आता बघून कुणी वा म्हणत नाही.
पण कुणी फार वेळ थांबतही नाही,
यात काय जिंकलो ते मला मोजता येत नाही.
कार्डांचा गठ्ठा माळ्यावर आहे.
शेठचा फोन येतो, महिन्याला एकदा.
जाळून टाकावीत म्हटलं,
तर काडी हातात घेऊन बसलो नुसता.

एकदा मारलेलं भोक
बुजवता येत नाही.